आधी बहिणी सांगा

कोणीही जमिनीचे कागद पुढे केले की ते म्हातारे दस्तलेखक कागद हाताने बाजूला सारायचे आणि चष्मा पुसत विचारायचे, "भयणी किती?" डिचोलीला मामलेदार कचेरीसमोर ते दस्त लिहायला बसत. ऐंशीच्या घरातले. तिकडे जमिनीच्या भानगडीत हात घातलेल्या तुमच्यापैकी अनेकांनी त्यांना पाहिले असेल, आणि त्यांच्या पाठीमागे तुम्ही हसलाही असाल.

मीही हसत असे. तीस वर्षे सरकारी फायली चाळलेला माणूस मी, मला कोण शिकवणार? निवृत्तीनंतर मुळगावात घरासाठी जागा पाहिली, तेव्हा कागद मीच तपासले. एक-चौदाच्या, म्हणजे आपल्या गोव्याच्या सातबाराच्या, उताऱ्यावर मालक म्हणून दोघा भावांची नावे, नकाशा, जुना दस्त, सगळे चोख. विसारही देऊन टाकला. घराचा आराखडा तर म्हापशाच्या बाजारात मासेवालीलासुद्धा दाखवून झाला होता. त्यांच्याकडे गेलो ते फक्त विक्रीखत लिहून घ्यायला.

"भयणी किती?"

"उताऱ्यार एकय नाय," मी ऐटीत म्हणालो.

"उताऱ्यार नाय रे. घरात किती?"

चौकशी केली, तर त्या भावांना एक बहीण होती, वास्कोला दिलेली. आपल्या गोव्यात मुलीचा वाटा मुलाइतकाच आणि विकताना तिच्या नवऱ्याचीही सही लागते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. मलाही होते. विचारायचे तेवढे सुचले नव्हते.

माझी दया येऊन ते वास्कोला माझ्याबरोबर आले. त्या बाईने चहा दिला आणि शांतपणे म्हणाली, "माजे भाव माज्या दारात येतले तेव्हा बघूया. तुमी कोण?"

परतीच्या बसमध्ये मी त्या भावांचा मनसोक्त उद्धार केला. सख्ख्या बहिणीला लोक विसरतात तरी कसे! त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग हळूच म्हणाले, "तुज्या पेडण्याच्या भयणीची हक्कसोड माज्याच मेजार जाली. तू झेरॉक्स काडूक गेलेलंस. ती रडा होती."

 वडिलांचे घर बहिणीने आनंदाने मला सोडले, असे मी वर्षानुवर्षे चारचौघांत सांगत आलो होतो. मला माझीच लाज वाटली.

मुळगावचे भाऊ वास्कोला गेले नाहीत आणि व्यवहार मोडला. माझ्या बहिणीचा वाटा तिला परत लिहून द्यायचे ठरवायला मात्र मला आठ महिने लागले. फायलींची सवय, दुसरे काय! तेवढ्यात ते दस्तलेखक वारले. बहिणीला घेऊन मी डिचोलीला पोचलो, तर त्यांच्या जागी दुसराच कोणी कॉम्प्युटर लावून बसला होता. मी तिला त्यांच्याबद्दल सांगू लागलो.

"माका म्हायत आसा," ती म्हणाली. "तू भायर गेलंस तेव्हा तेंनी माका विचारल्यानी, 'बाय, तुका मनापासून सही करूची आसा मगो?'"

"मगे?"

"मगे काय? रडू इला. तोपर्यंत माका कोणी विचारूकच नाय होता."