तिन्हीसांजेला उघडं ठेवलेलं खातं

मन्मथआप्पांना मी एकच गोष्ट शिकवत होते. दुसऱ्याच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर बँकेचं खातं उघडलं, की उठायच्या आधी बंद करायचं. एवढंच! सांगून सांगून जीभ झिजली माझी.

वडवणीच्या बसस्टँडसमोर माझं, म्हणजे वर्षाराणीचं, इंटरनेटचं दुकान होतं. मोबाइल घरोघरी आले होते, पण ते नुसते बोलायला. इंटरनेट बघायला लोक माझ्याकडंच यायचे. शेजारी आप्पांचं दुकान. दोरखंड, बैलांच्या म्होरक्या, वेसणी. ऊसतोडीला निघालेले निम्मे बैल आप्पांच्याच दोराला बांधलेले असायचे. माणूस लई सरळ. दोर स्वतः ताणून बघितल्याशिवाय विकायचे नाहीत आणि गिऱ्हाइकानं घाई केली तर त्यालाच दम भरायचे. पण हट्टी! दिवेलागणीला दुकानाचं दार कधी लावायचे नाहीत. त्या वेळी लक्ष्मी येते, तिच्या तोंडावर दार लावायचं नसतं. पाऊस आत येवो नाहीतर कुत्रं, दार उघडंच.

त्या वर्षी त्यांच्या शिवांजलीचा लातूरला नर्सिंगला नंबर लागला. त्यांच्या घरातून बाहेरगावी शिकायला निघालेली ती पहिलीच पोरगी. फीचे थोडे पैसे आप्पांनी साठवले होते, उरलेले पुण्यातला मुलगा सोमेश्वर खात्यात टाकणार होता. त्यानंच बापाला इंटरनेटवर खातं बघायची सोय करून दिली. झालं! रोज संध्याकाळी आप्पा माझ्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर हजर. पासवर्ड टाकताना प्रत्येक अक्षर मोठ्यानं म्हणायचे.

"आप्पा, हळू! मागं माणसं हायेत."

"वळखीचीच हायेत की."

"वळखीची असू द्या न्हाईतर परकी. तुमच्यामागं जो बसंल, त्याला तुमचं खातं दिसतंय. बंद करून उठा."

"बरं बरं," म्हणायचे आणि तसेच निघायचे. मग मी धावत जाऊन बंद करायची. वैताग नुसता!

फी भरायच्या शेवटच्या तारखेचा आदला दिवस. बाजाराचा दिवस, दुकानात पाय ठेवायला जागा नाही आणि नेमकी दिवेलागण. आप्पा खुर्चीतून ओरडलेच, "आले गं पोरी! सोमेश्वरचे पैसे आले!" डोळ्यांत पाणी. सकाळी बँकेतून डीडी काढायचा आणि बापलेकीनं लातूर गाठायचं, असं ठरलेलं होतं.

"लई चांगलं झालं. आता आधी खातं बंद करा."

"आत्ता? तिन्हीसांजेला? लक्ष्मी आत्ताच आत आली आन् तू दार लाव म्हणतीस?"

"आप्पा, ते दार न्हाई, बँक हाय!"

"करतो गं. तू तुझी गिऱ्हाइकं बघ."

थोड्या वेळानं मी डोकावले तर आप्पा गेलेले आणि पडद्यावर काही नाही. म्हटलं, चला, एकदाचं केलं बाई! कसलं काय. मी ओरडेन म्हणून त्यांनी ते पान नुसतं खाली सारून ठेवलं होतं. त्यानंतर त्या खुर्चीत कोण कोण बसलं, देव जाणे. कुण्या मेल्यानं ते वर काढलं आणि आप्पांच्या पैशातून मोबाइलचे रिचार्ज मारत सुटला.

सकाळी बँकेत कळलं की फीला पुरतील एवढे पैसे खात्यात नाहीत. आप्पा तडक माझ्याकडं आले. "बंद केलं न्हवतं गं. सकाळी करणार होतो." असा संताप आला मला! पण त्यांचा चेहरा बघितला आणि आधी पैशाच्या मागं लागले. इकडून तिकडून पैसे गोळा केले, तोवर बँकेचा काउंटर बंद झाला. मी कॉलेजला फोन लावला, गयावया केली. तिकडून उत्तर आलं, मुदत संपली, जागा पुढच्या मुलीला जाईल. गेलीच.

आठवड्यानं संध्याकाळी मी त्यांच्या दुकानात गेले. गल्ल्यावर शिवांजली बसलेली, आप्पा कोपऱ्यात दोर गुंडाळत होते. दानम्माकाकूंनी, शिवांजलीच्या आईनं, देवापुढं दिवा लावला. शिवांजली उठली आणि तिनं दाराचं एक कवाड ओढलं.

"अगं, काय करतीस? तिन्हीसांजेची येळ हाय!" दानम्माकाकू दचकल्या.

"आई, त्या दिवशी उघडंच होतं ना?"

आप्पांनी दोर खाली ठेवला, उठले, दुसरं कवाड ओढलं आणि आतून कडी घातली.