अपघात झाल्यास कोणाला कळवावे

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी सातपूरच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसात कारकून होते. ऑफिसात बाई मी एकटीच. पण माझ्या कामात कुणी खोट काढलेली मला खपत नसे, आणि कुणाची तशी छातीही होत नसे. नव्या कामगाराचं कार्ड मीच भरायची. त्यात शेवटी छापलेलं असे, अपघात झाल्यास कोणाला कळवावे. विचारलं की प्रत्येक जण वडिलांचं नाव सांगायचा. मुक्काम पोस्ट अमुक, तालुका कळवण, नाहीतर पेठ, नाहीतर निफाड. वडील हयात असताना बायकोचं नाव घालणं म्हणजे म्हाताऱ्याला जिवंतपणी बाजूला सारणं. मलाही ते रीतसरच वाटे.

मग एका दुपारी पत्रा दाबायच्या प्रेसवर एका कामगाराची दोन बोटं गेली. महिन्यापूर्वीच लागला होता. त्याला दवाखान्यात नेलं. मी कार्ड काढलं, कळवण तालुक्यातल्या त्याच्या गावी तार केली आणि काम चोख झालं म्हणून चहा प्यायले. सोबत गेलेल्यांनाही वाटलं, ऑफिसनं घरी कळवलंच असेल.

त्याची बायको कारखान्यामागच्या वस्तीत भाड्याच्या खोलीत राहत होती. तिला वाटलं, डबल ड्यूटी लागली. दुसऱ्या दिवशी दुपारी सासरा तार घेऊन दारात उभा राहिला आणि "कसा हाय तो?" म्हणाला, तेव्हा तिला कळलं. इकडे दवाखान्यात तिचा नवरा दर नर्सला विचारत होता, माझी बायको आली का? मी भेटायला गेले तेव्हा त्यानंच हे सांगितलं, तेही न रागावता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्याच दिवशी मी सगळी कार्डं बाहेर काढली. साहेबांना विचारलं नाही. विचारलं असतं तर फाइल फिरत बसली असती. जेवणाच्या सुट्टीत कामगारांना बोलावलं आणि म्हटलं, लवकरात लवकर कोण पोचेल त्याचं नाव सांगा.

"बाई, आण्णा काय म्हणतील? गावात तोंड दाखवायची सोय राहणार नाय," एक जण म्हणाला. बाकीच्यांनी माना डोलावल्या. दिवसभर प्रेसखाली हात घालणारी ही माणसं, आणि बापापुढे ही गत! मी चांगलीच तापले, पण एकही जण बधेना.

तेवढ्यात तोच म्हातारा सुनेला घेऊन मुलाच्या रजेचा अर्ज द्यायला आला. दारातच थांबून त्यानं सगळं ऐकलं.

"बाई, माझं नाव खाली घ्या," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "माझ्या हातात तार पडस्तवर पोरगा रातभर एकला पडून व्हता. असला मान घिऊन काय करू?" मग सुनेकडे वळला. "सांग तुझं नाव. मोठ्यानं सांग."

सासऱ्यासमोर पदर सारखा करून तिनं नाव सांगितलं. मी ते वरच्या ओळीत शाईनं लिहिलं आणि पत्ता विचारला.

"पिठाच्या गिरणीमागं, तिसरी खोली," ती म्हणाली. "चालत दहा मिनिटं."

मी पेन टेकवलं तशी तिनं टेबलावर हात ठेवला.

"आणि पळत आले तर पाच. तेबी लिवा."