चौदाव्या चित्रानंतर

माझी मावशी तीस वर्षं इथल्या एका ऑफिसात जपानी कार्टून सिनेमांची मधली चित्रं काढत होती. म्हणजे जपानी स्टुडिओतले मोठे चित्रकार एक मुलगी जिन्याच्या वर काढणार, मग एकदम खाली. तिला पायरी पायरी करत उतरवायचं काम आमच्या मावशीचं. खालून दिवा लावलेल्या काचेवर कागद ठेवायचे, पाच-पाच पानं बोटांत धरून फडफडवून बघायची, आणि चाल जमली नाही की रबर हातात घेऊन स्वतःलाच शिव्या घालायच्या. भाची आहे म्हणून म्हणत नाही, पण तिच्यासारखं चालवणं त्या ऑफिसात दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं.

अशाच एका सिनेमात शाळा सुटते, मुलगा जिन्यावरून हाक मारतो आणि मुलगी न थांबता निघून जाते. पहिलं प्रेम तिथेच संपतं. मागवलेली चित्रं एकवीस. मावशीने बावीस काढली. चौदाव्यानंतर एक जादा घातलं: टाच अधांतरी, मान किंचित मागे वळलेली. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं, 'हे अर्धा सेकंद धरा.'

चित्रांचं पाकीट जपानला गेल्यावर तिनेच ऑफिसातल्या साहेबांना सांगितलं. लपवाछपवी तिच्या रक्तातच नाही.

"बाई, आपण सांगितलं तेवढंच काढायचं," साहेब म्हणाले. "सीन परत आला तर मला तुम्हाला ठेवता येणार नाही."

"परत आला तर मीच येणार नाही."

सीन परत आला नाही. पण ते चित्र ठेवलं की केरात टाकलं, हेही कुणी कळवलं नाही. वर्षभर बाईंचा जीव टांगणीला, पण त्याबद्दल चकार शब्द काढेल तर शपथ.

सिनेमा लागला तशी मला घेऊन गेली. जिना आला आणि तिने माझं मनगट घट्ट धरलं. हाक आली. मुलगी उतरत राहिली, मग टाच अधांतरी थांबली, मान वळली. मागच्या रांगेतली एक बाई पुटपुटली, "अगं, जा ना वर." पण मुलगी निघून गेली.

"मावशी, ठेवलंय त्यांनी." मला रडूच आलं.

"टाच जरा जाड झालीये," ती म्हणाली.

बाहेरच्या बाकावर ती चपलेचा पट्टा लावत बसली, तेव्हा मी विचारलं, हे सुचलं कसं तुला?

"मी थांबले नव्हते," ती म्हणाली. "तो हाका मारत होता, आणि मी सरळ उतरून गेले."