दुसरं पान

विद्यापीठाच्या संज्ञापन विभागातून, म्हणजे रेडिओ-पत्रकारिता शिकून, पदवी घेऊन गेलेली मुलं पुढे काय करतात, हे फोन करून विचारायचं आणि फॉर्मात लिहायचं, हेच तिचं काम. म्हणून सगळे तिला फोनताई म्हणत. जिन्याखालची खोली, दोन टेबलं, दोन फोन. दुसऱ्या टेबलावर टायपिस्टकाका, निवृत्तीला सहा महिने उरलेले.

प्रश्न ठरलेले होते. 'शिकलात त्याच क्षेत्रात काम करता का?' असं विचारलं की पलीकडचा माणूस क्षणभर गप्प होई. त्या गप्पपणातच तिला उत्तर कळे. कुणी बँकेत, कुणी सासऱ्याच्या दुकानात, कुणी औषधांच्या गोदामात. "क्षेत्रातच म्हणा की," एकजण म्हणाला होता, "गिऱ्हाइकाशी बोलतोच ना मी!" तिनं हसून 'हो'वर खूण केली होती. 'नाही' आलं तर फॉर्मचं दुसरं पान भरायचं असे. ते ती कुणालाच विचारत नसे. जखमेवर मीठ कशाला चोळा!

ती स्वतः याच विभागात शिकलेली. आई एका धुलाईघरात चादरींना इस्त्री करायची. शेवटच्या वर्षी तिनं त्या धुलाईघरावर रेडिओसाठी पंधरा मिनिटांचा कार्यक्रम केला होता. वाफेचे सुस्कारे, यंत्रांची घरघर, आणि मध्येच आईचं गुणगुणणं. आपण गुणगुणतो हे आईला ठाऊकच नव्हतं. वर्गात तो ऐकवला, तेव्हा मुलांनी तो पुन्हा पहिल्यापासून लावायला लावला. मग रेडिओ केंद्रावर आवाजाची चाचणी झाली. "कळवतो," म्हणाले. त्याला पाच वर्षं होत आली.

"कळवणारे आठ दिवसांत कळवतात गं," आई म्हणे.

तरी चालता चालता तिचे कान काम करत राहत. कुठे शटर वर जाई, कुठे झाडू फिरे, कुठे कुलपात किल्ली अडे. हा आवाज आधी, तो नंतर, मध्ये थोडी जागा, असं ती मनात जोडत जाई. कार्यक्रम पुरा होई, आणि तेवढ्यात कचेरी येई.

यंदा तिच्याच वर्गाची पाळी होती. पाच वर्षांनी शेवटचा फोन, मग त्या वर्गाची फाईल कायमची बंद. विभागप्रमुखांनी तिला बोलावून घेतलं.

"क्षेत्रातच काम करणारे सत्तर टक्के व्हायला एक माणूस कमी पडतोय. तेवढे झाले की विभागाला एक कायम जागा मिळते. ती तुझी, माझा शब्द. आणि तू तर दिवसभर लोकांशी बोलतेस. क्षेत्रातच आहेस की!"

"हो म्हण आणि मोकळी हो," आईनं बजावलं. "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये."

हो म्हणायचं, असं तिनं ठरवूनही टाकलं. पण आपला फॉर्म आपण भरायचा नाही, दुसऱ्यानं फोन करून भरायचा, असा नियम होता. ते काम काकांकडे आलं. तिच्या टेबलावरचा फोन वाजला. चार हातांवर, तिच्याकडे पाठ करून काका बोलत होते.

"नमस्कार. विद्यापीठातून बोलतोय. आपल्याला वेळ आहे ना?"

"काका, मागं वळा की. इथंच तर आहे मी."

"इकडचं तिकडचं बोलू नका, ताई. नियम आहे."

तिला हसू आलं. नाव, वर्ष, पत्ता झाला. मग काकांनी विचारलं, "शिकलात त्याच क्षेत्रात काम करता का?"

'हो' जिभेवर तयार होतं. पण ते बाहेर पडेना. इतकी वर्षं जो गप्पपणा ती पलीकडून ऐकत आली, तो आज तिच्याच तोंडात येऊन बसला होता.

"नाही," ती म्हणाली.

काका गर्रकन वळले. "पोरी, सर काय म्हणालेत ठाऊक आहे ना?"

"फोनवर बोला, काका."

काकांनी पुन्हा पाठ करून 'नाही'वर खूण केली आणि कागद उलटला. "आता दुसरं पान."

"ते राहू द्या. कुणी भरत नाही."

"तू भरत नसशील. बत्तीस वर्षांत मी एकही कागद अर्धा सोडलेला नाही. प्रश्न पहिला. कोणतं काम करण्याची इच्छा होती?"

"होती नाही," ती म्हणाली. "आहे."

"बरं, आहे. कोणतं? सावकाश सांगा, हातानं लिहितोय."

ती सांगू लागली. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून शहर उघडणाऱ्या माणसांचा कार्यक्रम करायचाय; त्यात निवेदन नको, नुसते त्यांचे आवाज. पहिला आवाज कुणाचा, त्यानंतर किती थांबायचं, हेही तिनं सांगितलं. फॉर्मातल्या दोन ओळी कधीच संपल्या. काकांनी कोरा कागद ओढला.

दारात विभागप्रमुख येऊन उभे राहिले. "झाला का फॉर्म?"

काकांनी न वळताच हात वर केला. "थांबा, सर. फोन चालू आहे."

सरांना पाहून तिचा आवाज खाली गेला. ती कायम जागा आता गेली, हे तिला कळत होतं.

"ताई, ऐकू येत नाहीये," काका फोनमध्ये म्हणाले. "जरा मोठ्यानं."

ती मोठ्यानं सांगू लागली.