धाकटीच्या नावावरचं दुकान

माझ्या धाकट्या जावेचं कौतुक करायला लोकांना कारण लागत नाही. दूधवाला करतो, बँकेतला कारकून करतो, माझी सख्खी बहीण तर माझ्याच घरी चहा पीत माझ्याच तोंडावर करते. "काय हुशार आहे गं तुझी जाऊ." मी म्हणते, हो ना, आणि कप विसळायला उठते. विसळताना पाठ लोकांकडे असते, तेवढंच बरं. पोटात दुखतं माझ्या, ते मी कशाला लपवू? पण तिच्याविषयी सांगायला माझ्याइतकं लायक माणूस दुसरं मिळणार नाही, कारण तिच्यावर माझ्याइतकं बारीक लक्ष आजवर कुणी ठेवलेलं नाही. तिच्या नवऱ्यानेही नाही.

लग्न होऊन आली तेव्हा तिला सुईत दोरा ओवता यायचा. शिवणकाम म्हणून एवढंच. आमचं पडद्यांचं दुकान घराच्या पुढच्या खोलीत. एका भिंतीला कापडाचे तागे, खिडकीखाली कापायचं लांब टेबल, कोपऱ्यात माझं मशीन. आमचे हे गिऱ्हाइकाकडे जाऊन मापं घ्यायचे, भाव ठरवायचे आणि शेवटी पडदे टांगून यायचे. मधलं सगळं मी. कापणं, अस्तर लावणं, वरच्या पट्टीला ताठपणा यायला आत बक्रम घालून चुण्या पाडणं. माझ्या चुण्या पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारख्या पडतात. गिऱ्हाइकं हात लावून बघतात आणि मला म्हणतात, "तुमच्या मिस्टरांचं काम फार सुबक असतं."

धंदा वाढत गेला आणि वाढला म्हणूनच घरात काळजी शिरली. विक्री ठरावीक रकमेच्या वर गेली की करखात्यात नोंदणी करावी लागते, नंबर घ्यावा लागतो, दर महिन्याला हिशेब द्यावा लागतो. यांना करखातं म्हटलं की घाम फुटतो. कोपऱ्यावरच्या रंगाच्या दुकानदाराने यांना तोड सुचवली. दुकानाचे दोन तुकडे करायचे, फक्त कागदावर. अर्धी विक्री एका नावावर, अर्धी दुसऱ्या. दोघंही मर्यादेच्या आत. हे एक लाल बिलबुक आणि एक निळं बिलबुक छापून घेऊन आले. लाल यांच्या नावाचं.

"निळं कुणाच्या नावाचं?" मी विचारलं. उत्तर मला माहीत आहे असंच मला वाटत होतं.

"धाकटीच्या."

"माझ्या का नाही?"

"नवरा-बायको म्हटलं की लगेच लक्षात येतं लोकांच्या. आणि तुझं काय, तू तर घरचीच आहेस."

म्हणजे धाकटी काय पेइंग गेस्ट होती? मी तडक मशीनवर बसले आणि इतक्या जोरात पाय मारला की दोरा तुटला.

आता दुसरी कुणी असती तर नाव दिलं आणि विसरली. ही विसरली नाही. चार दिवसांनी मला विचारते, "ताई, माझ्या नावावर दुकान आहे, तर मला काहीतरी विकायला नको का?" आम्ही सगळे हसलो. ती नाही हसली. पडदे कापून उरलेले तुकडे गोळा केले आणि उशांचे अभ्रे शिवायला लागली. पहिले अभ्रे असे वाकडे की उशीलाच लाज वाटावी. मी उसवायला लावले. पुन्हा शिवले, पुन्हा उसवायला लावले. मला वाटलं कंटाळेल. माझ्या कटकटीतून ती शिकत गेली, हे मला फार उशिरा कळलं. मग दुपारची कामं आटोपली की पिशवीत नमुने घालून बाहेर पडायची. दवाखान्यात जा, वसतिगृहात जा, गेस्ट हाउसमध्ये जा. कुणी हाकललं की घरी येऊन त्याची नक्कल करून दाखवायची. निळ्या बिलबुकात खरोखरची गिऱ्हाइकं यायला लागली.

एका गेस्ट हाउसच्या मॅनेजरला तिचे अभ्रे आवडले. त्याला सगळ्या खोल्यांचे पडदे, अभ्रे, पलंगपोस, सगळंच बदलायचं होतं. पण बिल करनंबर असलेलं हवं, नाहीतर काम नाही. असली दोन कामं यांनी आधी सोडून दिली होती. धाकटीने सोडलं नाही. एकटी करसल्लागाराकडे जाऊन आली आणि जेवताना भाजी वाढावी इतक्या सहज म्हणाली, "मी नोंदणी करतेय."

यांनी हातातला घास ताटात परत ठेवला. "अगं, मर्यादेच्या आत आहेस तू. कशाला गळ्यात धोंड बांधून घेतेस?"

"आत आहे म्हणूनच मोठी कामं बाहेर जातायत, दादा. त्यांना आपण लावलेला कर त्यांच्या करातून वजा करता येतो, म्हणून तसलं बिल लागतं त्यांना. आणि कापड घेताना आपण जो कर देतो, तो मलाही वजा मिळेल. दर महिन्याला विवरणपत्र भरायचं, एवढंच."

विवरणपत्र. हा शब्द उच्चारताना तिची जीभ जराही अडखळली नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिचा नवरा, म्हणजे माझा दीर, तिच्याकडे असं बघत होता, जसं माझ्याकडे आजवर कुणी बघितलेलं नाही.

घर माझ्या नावावर आहे. माझ्या वडिलांच्या पैशातून घेतलं म्हणून, यांच्या उदारपणातून नव्हे. त्यामुळे इथे धंदा करायला माझं संमतीपत्र लागत होतं. सगळे टेबलाभोवती बघत असताना मी सही केली. पेनही तिचंच होतं, चांगलं महागाचं.

मग करखात्याकडून जागा बघायला माणूस येणार असं कळलं. त्या दिवशी यांना अचानक गावाच्या दुसऱ्या टोकाची मापं आठवली. चपला घालता घालता मला म्हणाले, "जपून बोल. दोन्ही एकच दुकान आहे असं कळलं तर दोन्ही बुडतील." आणि गेले.

आली ती एक तरुण अधिकारी, गळ्यात ओळखपत्र, हातात फोन. तिने दाराचा फोटो काढला, ताग्यांचा काढला. धाकटीने अभ्र्यांचे गठ्ठे दाखवले, कापडाच्या खरेदीच्या पावत्या दाखवल्या. सगळ्या तिच्या नावाच्या, तारखेप्रमाणे लावलेल्या. बोट ठेवायला जागा नाही.

"बाहेर पाटी पडद्यांच्या दुकानाची आहे," अधिकारी म्हणाली. "ते कुणाचं?"

"माझ्या मोठ्या दिरांचं. त्यांचं काम वेगळं, माझं वेगळं."

अधिकारी माझ्याकडे वळली. "आणि तुम्ही? तुम्ही कोणत्या दुकानात?"

मी मशीनवर बसले होते. सुईखाली धाकटीचा अभ्रा होता आणि मांडीवर यांचा पडदा. लाल बिलबुकात मी नव्हते, निळ्यातही नव्हते. एवढी वर्षं इथे बसून मी कोण, याचं उत्तर मला देता येईना. दुसरं एक उत्तर मात्र जिभेवर तयार होतं. दुकान एकच आहे हो, हिचं नाव नुसतं लावलंय. एवढं म्हटलं असतं की नंबर गेला, गेस्ट हाउस गेलं, जावेचा तोरा गेला. यांचं दुकानही गेलं असतं, पण खरं सांगते, त्या क्षणी मला तेही चाललं असतं.

धाकटीला ते कळलं. तिने हातातली कातर टेबलावर ठेवली. या घरात आल्यापासून पहिल्यांदा मी तिला घाबरलेली बघितली, आणि मला बरं वाटलं. म्हणून मी जरा वेळ घेतला.

मग म्हणाले, "मी घरमालकीण. या जागेचं भाडं घेते."

"किती?"

"ते तिला विचारा."

धाकटीने पापणी न लववता एक आकडा सांगितला. बरा होता. अधिकारी टिपून घेत म्हणाली, "आणि हे मशीन?"

"माझंच. शिलाई मी करते. दिराची... म्हणजे हिच्या दिराची, आमच्या यांची, आणि हिचीही. मजुरीवर."

"म्हणजे तुमचा तिसराच व्यवसाय झाला की," ती सहज म्हणाली, मशीनचा फोटो काढला आणि चहा न घेता गेली.

धाकटीला नंबर मिळाला. दारावर तिची नवी पाटी लागली, नावाखाली नंबर. ती पाटी बघावी लागू नये म्हणून मी हल्ली मागच्या दाराने जाते-येते. तिचं उत्तम चाललंय. गेस्ट हाउसच्या ओळखीने आणखी दोन कामं आली. दिराने कारखान्यातली रात्रपाळी सोडली आणि तिच्याकडचा माल पोचवायला लागला, तोंडावर तुकतुकी आली त्याच्या. माझ्या खात्यात भाडंही वेळेवर येतं. त्यातही तिची काही चूक सापडत नाही.

मोठे पडदे शिवायची वेळ आली तेव्हा ती माझ्याकडे आली. "ताई, चुण्या तुमच्याच हव्यात."

"मजुरीचं बिल देईन. माझ्या नावाचं."

मला वाटलं, चेहरा पडेल. ती म्हणाली, "द्याच. मला ते खर्चात दाखवता येतं." बघा, माझ्या रागातूनसुद्धा हिने फायदा काढला.

मी बिलबुक छापून घेतलं. हिरवं. पहिलं बिल तिला फाडलं आणि दुसरं यांना. संध्याकाळी हे मापं घेऊन आले, तर टेबलावर बिल ठेवलेलं.

"हे काय?"

"पडद्यांची मजुरी. खाली जागेचं भाडं लिहिलंय."

"अगं, दुकान आपलं आहे ना?"

"दुकान तुमचं आहे. तुमचंच नाव आहे त्यावर."

हे बिल तसंच ठेवून बाहेर गेले. मीही मागोमाग दारापर्यंत गेले, बऱ्याच दिवसांनी पुढच्या दाराशी. यांनी आपल्या जुन्या पाटीकडे बघितलं, मग धाकटीच्या पाटीकडे, मग त्या दोन्हींच्या खाली, जिथे रंगाऱ्याने दुपारीच माझ्या पाटीसाठी खडूने चौकट आखून ठेवली होती. तिथे नजर जाताच यांच्या तोंडाचा रंग उतरला, ओठ घट्ट मिटले आणि मग मोठ्या कष्टाने म्हणाले, "छान."

तो चेहरा मी लगेच ओळखला. कप विसळताना नळाच्या चकचकीत तोटीत मला रोज तोच दिसतो.