पाहुण्यांनी चूळ भरली

दहावीच्या सुट्टीत माझ्या डाव्या मनगटावर एक पांढरा डाग उठला. वर्षभरात तो बोटांवर उतरला, मग ओठाच्या कोपऱ्यात आणि डोळ्याखाली आला. कुरुंद्यातल्या बायका त्याला कोड म्हणत. म्हणताना आवाज खाली करत, पण मला ऐकू जाईल इतपतच.

मग गावातलं झाडून सगळं शहाणपण आमच्या ओसरीवर येऊन बसलं. एकीच्या मते मी दुधावर मासे खाल्ले होते. आमच्या घरात कुणी कधी मासा शिजवला नव्हता. दुसरीनं थेट मागच्या जन्मीचं पाप काढलं. चुलतीनं माझा कप वेगळा केला, वर म्हणाली, "तुझ्याच भल्यासाठी ग." वसमतच्या एका वैद्यानं बावचीचं तेल लावून उन्हात बसायला सांगितलं. बसले. फोड आले, फुटले, कातडी सोलली. त्याकडे बघून तो म्हणाला, "गुण येऊन राहिला."

नांदेडच्या डॉक्टरनं सरळ सांगितलं: हे लागत नाही, जिवाला धोका नाही, औषधानं रंग येईल किंवा येणार नाही. हे गावात कुणालाच पटलं नाही. इतका साधा आजार घेऊन त्यांनी करायचं काय?

मी विशीत आले तेव्हा हट्ट्याहून पाहुणे बघायला आले. भर वैशाखात आईनं मला पूर्ण बाह्यांचा ब्लाऊज घातला आणि ओठाला, डोळ्याखाली, बोटांना पावडर थापली. पोहे मी केले होते. मुलाच्या मामानं दोन बशा रिचवल्या, "पोरीच्या हाताला चव हाय" म्हणाला. मुलगा खाली मान घालून शेंगदाणे वेचून खात होता. आई माझ्या बाहीवर नजर ठेवून उभी होती. तेवढ्यात मुलाच्या आत्यानं मला जवळ बसवलं, माझा हात हातात घेतला, बाही वर सरकवली आणि अंगठ्याला थुंकी लावून डाग घासून बघितला.

"ह्या पोरीला कोड हाय की हो!"

मामा ताडकन उठला. अंगणातल्या रांजणापाशी जाऊन चुळांवर चुळा भरायला लागला.

एवढा वेळ मी शहाण्या मुलीसारखी बसले होते. ते दृश्य बघून मला पहिल्यांदा कळलं की ज्या माणसांना मी भीत आले, ती निव्वळ मूर्ख आहेत. रडू आलंच नाही. मी अंगणात गेले.

"मामा, दोन बशा पोटात गेल्या. आता चूळ भरून काय उपेग?"

मामा पोटाकडे बघत राहिला. बाप दाराआड तोंड फिरवून उभा होता. त्याचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतोय. हसत होता.

पाहुणे गेले. मी कात्री घेऊन त्या ब्लाऊजच्या बाह्या कोपराच्या वर कापल्या आणि तोच घालून दुसऱ्या दिवशी बाजारात निघाले.

"काहून असं करून राहिली ग? लोक बघतील," आई म्हणाली.

"राहू दे," बाप म्हणाला. "उन्हाळा हाय."

बाह्या बऱ्या कापल्या गेल्या होत्या, म्हणून मी शिवण शिकले. ज्या बायकांना माझ्या हातचं पाणी चालत नव्हतं, त्यांना माझ्या हातचा ब्लाऊज चालू लागला. पाणी तरी पोटात जाऊन संपतं. ब्लाऊज दिवसभर अंगाला चिकटून असतो. हे त्यांच्या लक्षात आलं नाही, मीही आणून दिलं नाही.

पुढे पुसेगावकडचा एक बिजवर आला. भला माणूस, सगळे म्हणाले.

"आमी खपवून घेऊ," तो मोठ्या मनानं म्हणाला.

"मी न्हाई घेणार," मी म्हणाले. लग्न राहिलं ते राहिलंच.

आता निम्मा चेहरा पांढरा आहे. सकाळी आरशात बघते, कुंकू लावते, कामाला लागते. परवा हिंगोलीच्या एस्टीत शेजारची बाई माझा हात बघून उठली आणि दांड्याला धरून उभी राहिली. गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. मी तिच्या जागेवर पिशवी ठेवली, पाय सैल सोडले आणि औंढा येईपर्यंत झोपले.