आधी समोरच्याचं सांग

टेंभुर्णीच्या पेठेत रखमाजी शिंप्याचं दुकान होतं. कपडे तो बरे शिवायचा, पण माणसं त्याच्या ओट्यावर यायची ती वाद घालायला. १९८१-८२ च्या सुमाराला तिथं एक रिवाज पडला होता. दुसऱ्याचं म्हणणं खोडायचं असेल, तर आधी ते त्यालाच सांगून दाखवायचं. तो "बराबर" म्हणाला, की मग आपलं बोलायचं. चुकलं तर रखमाजी कात्रीनं टेबल ठोकायचा, "न्हाई जमलं. पुन्यांदा ऐक!" लोक वैतागायचे, पण रागावून कुणी उठून जात नसे. ओढ्याकडच्या बौद्ध वस्तीतली सगुणाबाई झंपर शिवायला यायची आणि जाता जाता चार गोष्टी ठणकावून बोलायची.

पुढं केबल आली. रखमाजीच्या थोरल्या मुलानं दुकानात टीव्ही बसवला आणि एकमेकांकडं तोंड करून बसणारी माणसं भिंतीकडं तोंड करून बसू लागली. टीव्हीवर संध्याकाळी चौघं एकदमच ओरडायचे. कुणी कुणाची जिरवली, एवढंच ओट्यावर बघितलं जाई. रखमाजीनं आधी नाक मुरडलं, मग त्यालाच गोडी लागली. कात्री कापडापुरती उरली. एवढी चांगली रीत गेली आणि कुणाला तिची हळहळसुद्धा वाटली नाही, याचं फार वाईट वाटतं.

मग नळयोजना मंजूर झाली. पाणी आधी पेठेला की वस्तीला, हे ग्रामसभेत ठरायचं होतं. आदल्या दिवशी सगुणाबाई दुकानात रखमाजीकडं आली.

"अण्णा, माझ्या बाजूनं बोलू नका. माझं म्हणणं तेवढं पुरं होऊ द्या."

"बिलकुल. शब्द देतो."

सभेत ती उभी राहिली तशी गलका सुरू झाला. ती बोलतच होती. रखमाजीच्या डोक्यात मात्र आपलंच वाक्य घोळत होतं. तो ताडकन उठला, बोट नाचवत ओरडला, "पेठेत घरं जास्त हायेत, पाणी आधी पेठेला! हो का न्हाई, एवढंच बोला!"

टाळ्या पडल्या. "अण्णाला टीव्हीवर धाडा!" तातेराव किराणेवाला ओरडला. रखमाजी खूश झाला.

"तुमी म्हणता, पेठेत घरं जास्त, म्हून पाणी आधी पेठेला," सगुणाबाई म्हणाली. "बराबर?"

"बराबर."

"आता माझं सांगा."

रखमाजीनं तोंड उघडलं. ऐकलंच नव्हतं, तर सांगणार काय? लोक हसले. सगुणाबाई खाली बसली. हात वर झाले आणि पाणी पेठेला गेलं.

पेठेत नळ सुरू झाले, त्या दिवशी रखमाजी वस्तीवर गेला. सगुणाबाई रिकामी घागर घेऊन दारात उभी होती.

"त्या दिवशी तुमी काय म्हणाला होता, सांगा," तो मान खाली घालून म्हणाला.

"आता कशाला, अण्णा?"

तो हलेना. मग तिनं सांगितलं. त्यानं अडखळत तेच परत म्हटलं, "पेठेत घरोघरी आड हायेत. वस्तीला एकच हीर, तीबी ढासळली. पोरी शाळा सोडून ओढ्यापल्याड पाण्याला जात्यात."

"बराबर," सगुणाबाई म्हणाली, आणि घागर उचलून ओढ्याकडं निघाली.